‘मेडिकलची पोरं लॉकडाऊनभर झोपली’ हे खरं नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर अजून फिरतोय. “करोनात मेडिकलची पोरं घरी बसून नऊ-नऊ तास झोपली. ना कॉलेज, ना ड्युटी. आता म्हणे झोप बिघडली, मन उदास झालं. सगळे नखरे! डॉक्टर व्हायचं तर जागरणाची सवय हवीच.” मी वैद्यकीयच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. असलं वाचून मुलं त्रास सांगायचंच बंद करतात, म्हणून हे उत्तर.

आधी त्या नऊ तासांचं बघू. अंथरुणात काढलेला वेळ म्हणजे झोप नव्हे. झोपेची प्रत मोजायला जगभर पिट्सबर्ग निर्देशांक वापरतात, १९८९ पासून. पडल्यावर डोळा किती वेळाने लागतो, मध्ये जाग येते का, गोळी घ्यावी लागते का, दिवसा पेंग येते का, अशा सात अंगांनी तो गेल्या महिन्याची झोप तपासतो. गुण ० ते २१; पाचाच्या वर गेले की झोप चांगली नाही. समजा, एक मुलगी रात्री अकराला आडवी झाली आणि सकाळी आठला उठली. डोळा लागला दीडला, मध्ये अर्धा तास टक्क जागी. झोप झाली सहा तास. नवातले सहा म्हणजे ६७ टक्के. हा आकडा ८५च्या वर असायला हवा. घरच्यांना मात्र नऊ तासच दिसतात.

ती झोपते कुठे, तेही बघा. सोलापूरच्या पूर्व भागातलं किंवा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतलं लहानसं घर. आई विड्या वळत बसलेली, त्याच खोलीत कानाला हेडफोन लावून ऑनलाइन लेक्चर, तिथंच जेवण आणि रात्री तिथंच अंथरूण. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, छत रात्री उशिरापर्यंत तापलेलं. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर आणि ठरल्या वेळच्या हालचालीवर लागतं. लॉकडाऊनने नेमकं तेच काढून घेतलं. त्यात रात्री मोबाईलचा उजेड मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, दाबतो, झोप पुढे ढकलली जाते, सकाळी उशिरा जाग येते, ऊन चुकतं, आणि दुसऱ्या रात्री डोळा आणखी उशिरा लागतो.

“ड्युटी नव्हती” हे तर साफ खोटं. इंटर्न मुलं कोविड वॉर्डात पीपीई किट घालून उभी होती. ३ मे २०२१ रोजी केंद्राने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही सौम्य रुग्णांवर देखरेख आणि फोनवरून सल्ला या कामांसाठी घ्यायची मुभा दिली. १८ एप्रिलची नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, शेवटी ११ सप्टेंबरला झाली. तारीख हातात नसताना अभ्यास करत राहणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

राहिले नखरे. इथं दुसऱ्या बाजूचाही एक दावा खोडायला हवा, की सगळं करोनानेच केलं. तसं नाही. २०१६ मध्ये, म्हणजे साथीच्या आधी, अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती. साथीतली बरीच सर्वेक्षणं एकदाच भरून घेतलेल्या ऑनलाइन फॉर्मवर उभी आहेत; त्यांवरून कारण सिद्ध होत नाही. पण त्रास आधीपासून होता, याचा अर्थ तो खोटा होता असा होत नाही. झोप मोडली की मन खचतं आणि मन खचलं की झोप मोडते. ही ओढाताण दोन्हीकडून चालते, आणि म्हणूनच नुसतं “मन घट्ट कर” म्हणून ती सुटत नाही.

जागरणाची सवय म्हणाल, तर माणसाला वाटतं सवय झाली. चाचणीत चुका वाढलेल्याच दिसतात. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी किंवा त्याहून वाईट होते, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. आता त्या हातात सलाईनची सुई द्या!

ज्या मुलांची झोप दोन-दोन आठवडे अशी मोडलेली आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत केसपेपर काढायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तसं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.