दवाखान्यातला स्कॅन इथे पुरत नाही
दातांच्या दवाखान्यातला सीबीसीटी स्कॅन (जबड्याचं त्रिमितीय एक्स-रे चित्र) जीवाश्म दातांच्या अभ्यासालाही पुरतो, हे लेखातलं विधान चूक आहे. आमच्या इंदुरात इम्प्लांटसाठी काढतात त्या स्कॅनचा व्हॉक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत छोटा घन ठिपका, साधारण 0.1 ते 0.4 मिमी असतो. दाढेचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, उंचवट्यावर 2 मिमीच्या आसपास, पण मुळाकडे उतरताना कागदाइतकं पातळ होतं. तिथे एकाच व्हॉक्सेलमध्ये इनॅमल, त्याखालचं डेंटिन आणि हवा मिसळते, कडा धूसर होते, जाडी चुकते. मायक्रो-सीटी या कितीतरी सूक्ष्म स्कॅनवर 15 ते 30 मायक्रॉनचा (0.015 ते 0.03 मिमी) व्हॉक्सेल घेतात तो म्हणूनच. तरीही डेंटिनमध्ये खनिजं भरली असली की इनॅमल आणि डेंटिन दोन्हींचा करडा रंग सारखाच दिसतो. मग सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली हद्द कुचकामी, एकेक काप हाताने आखत बसावं लागतं.

आणि नुसत्या इनॅमलच्या जाडीवरून जीवाश्माचं कोणत्या प्रजातीशी नातं ते ठरवू नये. जाड इनॅमल आणि जबड्याचे तुकडे एवढ्यावर शिवालिक टेकड्यांतल्या रामापिथेकस या जीवाश्माला कित्येक वर्षं माणसाचा पूर्वज मानलं; निघाला शिवापिथेकस, ओरांगउटानच्या जवळचा. नात्याची खरी खूण इनॅमलखाली, डेंटिनच्या पृष्ठावर असते. वरचा भाग थोडा झिजला तरी ती टिकते. निअँडरथल या नामशेष मानवाच्या खालच्या दाढेत पुढचे दोन उंचवटे जोडणारी आडवी धार बहुधा असतेच, आपल्यात क्वचित. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.