पपईची तीन फुलं

आज सकाळी फेसबुकने दोन वर्षांपूर्वीचा फोटो वर काढला. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पतिउद्यानातलं टेंपरेट हाऊस, त्यात आई, माझी लेक आणि मी. आईने सुती साडीवर माझ्या नवऱ्याचं जॅकेट चढवलंय, पायात माझे बूट. आमच्या डोक्यावर उंचावरून सोडलेली रंगीबेरंगी कापडं. मी फोटो पुन्हा टाकला आणि खाली 'क्वीअर नेचर, क्यू, ऑक्टोबर २०२३' एवढंच लिहिलं. क्वीअर नेचर म्हणजे झाडाफुलांमधलं वैविध्य आणि एलजीबीटीक्यू माणसं, दोन्हींचा मिळून क्यूने भरवलेला उत्सव. तासाभरात पहिली कमेंट आली : "फुलं बघायला जा की, पण लहान पोरीला आणि वयस्कर आईला असल्या ठिकाणी कशाला न्यायचं?" दुसऱ्या एकांनी विचारलं, आता बागांनाही सोडणार नाहीत का हे लोक.

दोघंही ओळखीचे. माणसं चांगली आहेत, गणपतीत आमच्याकडे मोदक खाऊन गेलेली आहेत. म्हणून कमेंटमध्ये हुज्जत घालत नाही, इथे सविस्तर लिहिते. 'असलं ठिकाण' म्हणजे नेमकं कसलं, ते तरी कळेल.

आधी कबुली देते की मी कुणाचं प्रबोधन करायला गेलेच नव्हते. शाळेला हाफ टर्मची सुट्टी होती, आई सांगलीहून येऊन महिना झाला होता आणि हाउन्स्लोच्या घरात खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजून कंटाळली होती. क्यूची वर्षभराची मेंबरशिप काढलेली, ती वसूल व्हायला हवी होती. एवढंच कारण. दारातून आत शिरल्याबरोबर झाडावर पोपटांचा थवा ओरडायला लागला आणि आई थबकलीच. "अगं, हे तर आपलेच राघू!" लंडनमध्ये हे आता हजारोंनी झालेत. त्यांना व्हिसा कुणी दिला, असं तिने विचारलं.

टेंपरेट हाऊस म्हणजे लोखंड आणि काचेचा राजवाडाच. डेसिमस बर्टन या वास्तुरचनाकाराचं काम, १८६३ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, व्हिक्टोरियन काळातल्या शिल्लक काचघरांत जगातलं सगळ्यात मोठं. पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये ते पुन्हा उघडलं. त्या ऑक्टोबरात तिथे मधोमध जेफ्री गिब्सन या चित्रकाराचं काम टांगलेलं होतं. हा अमेरिकेतल्या चोक्टॉ आणि चेरोकी या मूळनिवासी समाजांतला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेचं दालन त्याने सजवलं. कापडावर जुन्या वनस्पतिचित्रांतली फुलं, पानं, मधूनमधून अक्षरं, आणि रंग असे की जत्रेतल्या पालाची आठवण यावी. आईने मान वर करून बराच वेळ पाहिलं. "वाकळ शिवलीय," ती म्हणाली. "पण शिवणाऱ्याचा हात चांगलाय."

तर हे 'असलं ठिकाण'. आजूबाजूला बाबागाड्या, टोप्या घातलेली पोरं, काठी टेकत चाललेले आजी-आजोबा. मोठ्यांसाठीचे कार्यक्रम संध्याकाळी, वेगळे, १८ वर्षांवरच्यांसाठी. ज्यांनी हे आखलं त्यांना दिवस आणि रात्र यांतला फरक आपल्याइतकाच कळत होता.

विषय होता वनस्पती आणि बुरशी यांच्यातलं लिंग. लेकीला मी एका बुरशीचं सांगितलं. स्प्लिट गिल नावाची साधी बुरशी, सडक्या ओंडक्यावर उगवते, आणि तिच्यात जोडी जमवायचे २३ हजारांहून जास्त प्रकार असतात. आपल्याकडे नर-मादी दोन, तिच्याकडे २३ हजार. लेक सात वर्षांची. तिने गंभीरपणे विचारलं, "मग त्यांच्या शाळेत टॉयलेट किती लागतील?" (कुणी कुठलं टॉयलेट वापरायचं, या देशात सध्या या एका प्रश्नावर मोठमोठी माणसं वर्तमानपत्रांत भांडतात. तिच्याइतकं थेट कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही.)

आणि मग आई बोलायला लागली. तासगावकडच्या तिच्या माहेरी पपई होती. "त्यात काय एवढं, पपईत तीन असतात की," ती म्हणाली. नराची फुलं लांब देठाला घोसाने लोंबतात. मादीचं फूल खोडाला चिकटून, मोठं, गुबगुबीत. आणि तिसरं झाड उभयलिंगी, त्याची पपई लांबट, बाजारात तिलाच भाव. रोप लहान असताना काही म्हणजे काही कळत नाही, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि फुलं यायची वाट बघायची. नर झाडाचा शेंडा छाटला तर कधीमधी तेही फळ धरतं म्हणतात. हे सगळं ती नातीला इतक्या सहज सांगत होती, जसं भाकरी कशी थापायची ते सांगावं. लेकीने वही काढली आणि बाकावर बसून आजीच्या वर्णनावरून तीन फुलं काढली. तिने पपईचं झाड आयुष्यात पाहिलेलं नाही, हाउन्स्लोच्या दुकानात चिरून ठेवलेली फोडच फक्त.

मी तिथे उभी राहून विचार करत होते की 'उभयलिंगी' हा शब्द मला कधी कळला? शाळेत. जास्वंद उभी चिरून सगळ्या वर्गाला दाखवली होती. पुमंग, जायांग, पुंकेसर, स्त्रीकेसर. एकाच फुलात दोन्ही, म्हणून उभयलिंगी. आम्ही पोरी तोंडावर ओढणी धरून हसलो, बाईंनी डोळे वटारले आणि परीक्षेत आकृतीला पाच गुण मिळाले. तेच फूल घरी गणपतीला वाहिलं. सपुष्प वनस्पतींत बहुतेक फुलं अशीच असतात, एकलिंगी तीच थोडी. म्हणजे भाषा आपल्याकडे होती, पाठ्यपुस्तकात होती, पपईच्या बांधावर होती. माणसाचा विषय आला की मात्र आपले शब्द संपायचे आणि 'तसला' एवढाच उरायचा.

फुलांच्या लिंगावरून लाजणारे आपण पहिले नाही म्हणा. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ मध्ये पुंकेसर-स्त्रीकेसर मोजून वनस्पतींची वर्गवारी मांडली आणि वर्णन करताना नवरे-बायका, शेजघर अशी भाषा वापरली. सेंट पीटर्सबर्गच्या सीगेसबेक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे इतकं अश्लील वाटलं की त्याने याला चक्क व्यभिचार म्हटलं. देव असली व्यवस्था निर्माण करणार नाही, हा त्याचा मुद्दा. एका चिकट, क्षुद्र तणाचं नाव आज सीगेसबेकिया आहे, ते लिनियसने त्याच्याच नावावरून ठेवलंय. फेसबुक नव्हतं तेव्हाही लोक असेच उट्टे काढत.

पण या सगळ्यात मला एक खटकतं, आणि तेही स्पष्ट लिहायला हवं. 'बघा, निसर्गातही असं असतं, म्हणून माणसातही ठीक' हा युक्तिवाद मला पटत नाही. ऐकायला गोड आहे. आपल्या कासच्या पठारावरचा सापकांदा घ्या. त्याच्या जातकुळीतली रोपं लहान असताना नर असतात, कंदात पुरेसं अन्न साठलं की मादी होतात, आणि दिवस वाईट आले की परत नर. स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगॉल गावचा यू वृक्ष हजारो वर्षं जुना, कायम नर म्हणून नोंदलेला. २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीला लाल फळं लागलेली सापडली. छान आहे, मला हे सांगायला आवडतं. पण निसर्गात मांजर आपली पिल्लंही खातं. आणि आईने पपईची गोष्ट जिथे संपवली ते ऐका : "मग दहाला एक नर ठेवायचा आणि बाकीचे उपटून टाकायचे." लेकीने विचारलं, "उपटून का?" आईकडे उत्तर तयार होतं, शेतकऱ्याचं असतं तसं. झाडांकडून दाखला मागायला गेलं की हे असं होतं. माणसाने माणसासारखं जगायला सापकांद्याची सही कशाला हवी?

मग बागेत असा उत्सव करून मिळतं काय? माझ्यापुरतं उत्तर पुढच्या पंधरा मिनिटांत मिळालं.

टेंपरेट हाऊसमध्ये एक सायकॅड आहे, म्हणजे ताडासारखं दिसणारं, फुलांऐवजी शंकू धरणारं झाड. नाव एन्सेफॅलार्टोस वुडी. दक्षिण आफ्रिकेतल्या जंगलात १८९५ मध्ये याचं एकच झाड सापडलं, नर. मादी आजवर सापडलेली नाही. जगभरात जी आहेत ती सगळी त्या एकाचीच पिलावळ, फुटवे काढून वाढवलेली. क्यूमध्ये ते १८९९ मध्ये आलं आणि त्याला पहिला शंकू धरला २००४ मध्ये, एकशे पाच वर्षांनी. मी आईला सांगितलं, याला जगातलं सगळ्यात एकटं झाड म्हणतात.

आई म्हणाली, "बाई मिळाली नाही म्हणून एकटा होय?" आणि थोड्या वेळाने, "आपल्या अण्णालाही सगळे एकटाच म्हणायचे."

अण्णा म्हणजे माझा थोरला मामा. सरकारी नोकरी, मिरजेत भाड्याच्या दोन खोल्या, लग्न केलं नाही. त्या दोन खोल्यांत त्याच्यासोबत एक काका राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. सत्तावीस वर्षं. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा काका आम्हाला बोरूने अक्षरं काढायला शिकवायचे आणि मामा भजी तळायचा. घरात त्यांचा उल्लेख 'अण्णाचा पार्टनर' असा कधीच झाला नाही. 'अण्णाच्या खोलीवरचे' असा व्हायचा. माझ्यापुढे आई या विषयावर जन्मात एक वाक्य बोलली नव्हती. त्या काचघरात, नातीसमोर, मराठीत, शेजारून इंग्रज लोक जात असताना ती बोलली.

"रेशनकार्डं दोन होती त्यांची. साखर एकाच डब्यात."

२००६ मध्ये मामा गेला. तेराव्याला गावाकडून सगळे आले आणि टेंपोत सामान भरलं, पलंग, कुकर, कपाट. काका दारात उभे होते. कुणी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही काही मागितलं नाही. "आणि तांब्याचा बंब मी आणला," आई म्हणाली. तो बंब मला माहीत आहे. सांगलीच्या गच्चीवर आहे, त्यात कोरफड लावलीय.

आमच्या त्या भेटीच्या आठवडाभर आधी, १७ ऑक्टोबरला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा निकाल दिला होता. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. नात्याला कायदेशीर मान्यता आणि दत्तक या मुद्द्यांवर तीन विरुद्ध दोन. आईने तो मोबाइलवर बातम्यांत पाहिला होता, मला तेव्हा बोलली नव्हती. त्या सुनावणीत रेशनकार्ड, बँकेचं जोडखातं, पेन्शन यांची चर्चा झाली, ती बऱ्याच जणांना किरकोळ वाटली असेल. ज्यांच्या घरातून टेंपो भरून गेलाय त्यांना विचारा. जोडखातं उघडायला आडकाठी नाही हे सरकारने पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. अण्णामामा जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

आणि 'मुलांसमोर नको' याचाही इतिहास आहे, तो या देशातलाच. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतून आपल्याला यांनीच दिलं, ते २०१८ मध्ये आपण सैल केलं. इथे १९८८ मध्ये सेक्शन २८ नावाचा कायदा आला. समलैंगिकता म्हणजे कुटुंबाचं ढोंग, आणि ते स्वीकारार्ह आहे असं सरकारी शाळांत शिकवण्याला स्थानिक प्रशासनाने उत्तेजन द्यायचं नाही, असा त्याचा मसुदा. 'ढोंगी कुटुंब' हे शब्द कायद्यात होते, मी रंगवून सांगत नाही. इंग्लंडमध्ये तो २००३ पर्यंत होता. म्हणजे आज क्यूमध्ये पोरांना घेऊन फिरणारे चाळिशीतले आई-बाप शाळेत होते तेव्हा त्यांच्या शिक्षकांना या विषयावर तोंड उघडायची धास्ती होती. त्यांना अशा उत्सवात 'फॅमिली फ्रेंडली', म्हणजे पोराबाळांसकट यावं असं, या दोन शब्दांचं एवढं अप्रूप का, ते मला तेव्हा कळलं.

पुण्यात २०११ पासून प्राईडची पदयात्रा निघते, जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी बागेशी तिचं जुनं नातं आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. या दोन्हीकडची माणसं एकमेकांना कधी भेटतील का, असं माझ्या मनात येतं. एका बाजूला गुलाबाचे वाफे, एका बाजूला पपईची तीन झाडं, माहिती मराठीत. लगेच होईल असं नाही. पण जास्वंद चिरून दाखवणाऱ्या बाई तर आपल्याकडे कधीच्या आहेत.

बाहेर पडताना आईला मरियान नॉर्थचं दालन दाखवलं. ही बाई एकटी जगभर फिरली, भारतातही दीडेक वर्ष होती, आणि आठशेहून जास्त चित्रं १८८२ पासून तिथे चौकटीला चौकट लावून टांगलेली आहेत. आई म्हणाली, धूळ कोण पुसत असेल?

परत जाताना आईने लेकीच्या वहीतलं ते पान मागून घेतलं आणि सांगलीला पोचल्यावर मिरजेला काकांकडे स्वतः नेऊन दिलं. सतरा वर्षांत ती त्या खोल्यांत गेली नव्हती. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी काकांचा लेकीला फोन आला. स्मरणचित्र असलं तरी पाकळ्या मोजून काढाव्यात, असं ते म्हणाले. पपईला पाच असतात. मधल्या फुलाला तिने सहा काढल्या होत्या.