पुस्तक टेबलावर उघडं राहिलं पाहिजे : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की टेबलटॉप रोलप्लेइंग गेमची, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र रंगवत गोष्ट खेळायच्या खेळांची, नियमपुस्तकं वर्षागणिक देखणी आणि महाग होत चालली आहेत, पण खेळताना हाताळायला ती तेवढी सुधारलेली नाहीत. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. महागाई हिशेबात धरली तर ही पुस्तकं पूर्वीपेक्षा स्वस्तच आहेत, माझ्यासारखे लोक लहान प्रकाशकांच्या पोटावर पाय आणतात, ज्याला परवडत नाही त्याने पीडीएफ घ्यावी, असे तुमचे मुद्दे. आणि शेवटी हे वाक्य : "ज्याने आयुष्यात एक पुस्तक बांधलेलं पाहिलं नाही त्याने कागद आणि बांधणीवर बोलू नये, फुकट्यांना सगळंच महाग वाटतं."

माझं म्हणणं खोडून काढायचं असतं तर तुम्हाला या वाक्याची गरज नव्हती. त्यात मुद्दा नाही, फक्त माझी लायकी काढलेली आहे. आपली ओळख नाही, मी काय काम केलं आहे हे तुम्ही विचारलं नाही, आणि तरी मी काय पाहिलं आहे, काय नाही, हे तुम्ही ठरवून मोकळे झालात. म्हणून उत्तर याच वाक्यापासून सुरू करतो.

मी छापखान्यात बांधणीच्या टेबलावर काम केलं आहे. सोळा पानी फर्मे (छापलेल्या मोठ्या कागदाची एक घडी म्हणजे एक फर्मा) दुमडायचे, क्रमाने लावायचे, एखादा उलटा किंवा दुबार लागला नाही ना हे पाहायचं, हे माझं रोजचं काम होतं. पुढे फर्मे शिवणाऱ्या यंत्रावर आणि कणा चिकटवणाऱ्या यंत्रावरही उभा राहिलो. पुठ्ठ्याचं कव्हर चढवलं की शिवलेलं आणि नुसतं चिकटवलेलं पुस्तक बाहेरून सारखंच दिसतं, आणि गोंधळ इथेच होतो. हार्डकव्हर म्हणजे मजबूत, असं गिऱ्हाईक धरून चालतं. आत शिवण आहे की फर्म्यांच्या घड्या कापून नुसता गोंद फिरवला आहे, हे पुस्तकावर कुठे छापलेलं नसतं. ओळखायचं असेल तर कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. घडी घातलेल्या कागदांचे जुडगे वेगवेगळे दिसले आणि एका जुडग्याच्या बरोबर मध्यावर उघडल्यावर दोरा दिसला, तर पुस्तक शिवलेलं. वरून सगळी पानं एकसलग, सपाट दिसली, तर ते गोंदावर उभं आहे.

कादंबरी एकदा वाचून कपाटात जाते. नियमपुस्तकाचं तसं नसतं. ते एका बैठकीत वीस-वीस वेळा उघडलं जातं, टेबलावर उपडं पडतं, चौघांच्या हातांतून फिरतं, आणि बहुतेक वेळा त्याच त्या पाच-सहा जागी उघडतं. म्हणून या पुस्तकांना शिवण हवीच. त्यात हल्लीची पद्धत म्हणजे जाड, चकचकीत आर्ट पेपर. अशा लेपाच्या कागदात गोंद नीट मुरत नाही, हे बांधणीतला कुठलाही जुना कारागीर सांगेल. वर कागदाचं वजन. चारशेच्या आसपास पानांचं पुस्तक उभं ठेवलं की पानांचा सगळा ठोकळा कव्हरच्या आत लोंबकळतो, आणि त्याला धरून ठेवतात ते आतल्या बाजूला चिकटवलेले पुस्तीचे कागद आणि कण्यावरचं जाळीचं कापड. ती जाळी हलकी असली की एक-दोन वर्षांत पुढचा सांधा फाटतो. हे मी दुसऱ्यांच्या पुस्तकांत दुरुस्त केलंय आणि माझ्या स्वतःच्या पुस्तकांतही. त्यातलं एक मी पूर्ण किंमत देऊन, आगाऊ नोंदणी करून घेतलं होतं. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण विषय एका प्रकाशकाचा नाही. आणि रोगही नवा नाही : १९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्केना' या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमपुस्तकाची पानं कशी सुटायची हे जुन्या खेळाडूंना सांगावं लागत नाही.

मग मला सांगा, सोनेरी फॉइल, रिबन, कडांना रंग, प्रत्येक पानामागे जुनाट कातड्यासारखी पार्श्वभूमी, एवढं सगळं करणाऱ्या पुस्तकात शिवणीवर काटकसर झाली, तर ती 'निर्मितीची गुणवत्ता' कशी? काळ्या पानावर पांढरी अक्षरं सुरेख दिसतात. पण त्यावर पेन्सिलीने खूण करता येत नाही, बोटांचे ठसे राहतात, आणि संध्याकाळच्या दिव्यात आकडा तीन की आठ हे कळत नाही. पाचशे शब्दांत मावणारा लढाईचा नियम चित्रांच्या मध्ये तीन पानांवर पसरलेला असतो आणि सूची एका पानात उरकलेली असते. गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून टेबलाच्या टोकाला बसून सगळे आपल्याकडे पाहत असताना तो नियम शोधून पाहा. मी अनेक वर्षं हे करत आलो आहे. पैसा कशासाठी मागितला जातोय आणि तो कुठे दिसत नाही, हे मला तेव्हा कळतं.

तुमची एक गोष्ट रास्त आहे. फॉइल आणि रिबनचा प्रत्येक प्रतीमागे येणारा खर्च चित्रं, लेखन आणि संपादनाच्या मानाने किरकोळ असतो, असं तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे. नुसती रिबन काढून किंमत उतरणार नाही. तसा दावा मी केलाही नव्हता, पण ठीक आहे.

आता महागाई. १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या सगळ्यात गाजलेल्या खेळाची तीन छोटी पुस्तकं एका खोक्यात दहा डॉलरला मिळायची, आणि ते दहा डॉलर म्हणजे आजचे साठाच्या वर, हा तुमचा हिशेब. हिशेब बरोबर, पण सुरुवात तुम्ही सोयीची निवडलीत. पहिल्या छपाईत फक्त १००० प्रती निघाल्या होत्या आणि खोकी हाताने भरली गेली होती. अशा हौशी उद्योगाची किंमत मोठ्या कंपनीच्या किमतीला माप म्हणून कशी चालेल? २००० सालापासून मोजा. त्या वर्षी याच खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीचं 'प्लेअर्स हँडबुक', म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, १९.९५ डॉलरला आलं. २००३ मध्ये २९.९५, २००८ मध्ये ३४.९५, २०१४ मध्ये ४९.९५. २००० सालचे वीस डॉलर म्हणजे आजचे छत्तीसच्या आसपास. ती पहिली किंमत मुद्दाम कमी ठेवली होती असं तुम्ही म्हणाल; मग दहा डॉलरचीही चौकशी करा. आणि खेळ पूर्ण चालवायला अशी तीन पुस्तकं लागतात.

लहान प्रकाशकांच्या पोटावर पाय आणतो, हा आरोप मी सोडून देतो, कारण लेखात लहान प्रकाशकांविरुद्ध एक ओळ नाही. उलट मी ज्यांचं कौतुक केलं ते सगळे लहानच होते. 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' या खेळाचं पुस्तक पाहा : एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतो, पान उलटावं लागत नाही. याला फॉइल लागत नाही, मांडणी करणाऱ्याने डोकं लावावं लागतं. तुम्ही 'मर्क बोर्ग' या खेळाचं चित्रांनी भरलेलं पुस्तक उदाहरण म्हणून माझ्या अंगावर फेकलंत. मला ते पुस्तक आवडतं. पण त्याच्या कर्त्यांनी चित्रं वगळून नुसत्या मजकुराची आवृत्ती फुकट दिली आहे हेही तुम्हाला माहीत असेल. पाहायचं पुस्तक आणि खेळायचं पुस्तक या दोन गरजा त्यांनी वेगळ्या ओळखल्या. मी लेखात दुसरं काय मागितलं होतं? 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ मध्ये तीन बारक्या काळ्या पुस्तिकांत आला. मुखपृष्ठावर चित्र नाही, अक्षरं तेवढी. लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं मोहिमा, म्हणजे अनेक बैठकी चालणाऱ्या गोष्टी, चालवल्या.

पीडीएफबद्दल वाद नाही, मीही वापरतो. पण टेबलावर प्रत्येकापुढे फोन-लॅपटॉपचा पडदा उभा राहिला की माणसं एकमेकांकडे पाहणं सोडतात. कागदी पुस्तक मागणं ही चैन आहे असं मी मानत नाही. स्वस्त, साध्या कागदाची, शिवलेली, एकरंगी आवृत्ती काढा आणि शेजारी शोभेची आवृत्ती हवी तेवढ्या किमतीला विका, माझी हरकत नाही. एवढं साधं म्हणणं तुम्हाला प्रकाशकांवरचा हल्ला वाटला, तर तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात का याची मला शंका येते.

नवे नियम शिकू पाहणारी शाळा-कॉलेजातली मुलं मला पत्रं लिहितात. पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं, आणि तिन्ही घ्यावीच लागतील का, हे विचारतात. त्यांना 'फुकटे' म्हणायची माझी हिंमत होत नाही. तुमची झाली.

मुद्द्यावर उत्तर आलं तर ते पूर्ण छापीन, माझ्या विरोधात असलं तरी. विशेषतः तुम्ही ज्या महागड्या आवृत्तीची बाजू घेतलीत ती उघडून दोरा दिसतो का ते पाहून कळवा, कारण माझ्याकडे ती नाही आणि मला खरंच जाणून घ्यायचं आहे. वाचकांना शिव्या देणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे दिसणार नाही.