सरकार आणि मी

माझी उंची पाच फूट एक इंच. त्यातला एक इंच लग्न ठरताना सांगितलेला आहे, तो आजवर निभावतोय.

वाहनांनी मला कायम छळलं. लहानपणी बेळगावच्या शहापुरात तासावर सायकल मिळायची ती मोठ्या माणसांची. नळीखालून पाय घालून कैची मारत शिकलो. पुढं मोटरसायकल घेतली, तर टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाला थांबायची वेळ आली की माझी नजर आधी डाव्या बाजूचा दगड शोधते. दगड नसला की गाडी आणि मी दोघं मिळून शेजारच्या रिक्षावर रेलतो. रिक्षावाले आता ओळखतात. बोलत नाहीत, नुसते जरा पुढं सरकतात.

म्हणून पुतणी त्या रविवारी म्हणाली, "काका, खेळाला एक माणूस कमी पडतोय, या की वर," तेव्हा मी गच्चीवर गेलो तो कॅरमच्या आशेनं. निघालं भलतंच. डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणे. अमेरिकेत १९७४ साली निघालेला खेळ, म्हणजे माझ्याच वयाचा, खरं त्याची वाढ चांगली झालेली. कागदावर आपापलं पात्र लिहायचं, बाकी सगळं बोलायचं, आणि काही करायला गेलं की फासा टाकायचा. वीस बाजूंचा. खेळ चालवणार पुतणी, नियमही तीच सांगणार.

पात्र कुठलं, यावर चर्चाच झाली नाही. चौघांनी माझ्याकडं पाहिलं आणि "हाफलिंग!" म्हणाले. तीन फुटी माणूस. मी राग गिळला, कारण पुढचं वाक्य गोड होतं: "काका, तुम्हाला कुत्र्यावर बसता येतंय."

नियम असा, की वाहन बसणाऱ्यापेक्षा निदान एक माप मोठं पाहिजे. मास्टिफ जातीचं कुत्रं साध्या माणसाच्याच मापात मोडतं, म्हणून त्या धिप्पाड पोरांना ते चालत नाही. हाफलिंगला चालतं. उंचीमुळं मला काहीतरी मिळाल्याचा हा आयुष्यातला पहिला प्रसंग. शिवाय स्वस्त! घोडा ७५ मोहरा, तट्टू ३०, कुत्रं २५. मी वीसला मागितलं. पुतणी म्हणाली, पुस्तकातला दर आहे. खडे बाजारात असं कुणी बोललं असतं तर मी पुढच्या दुकानात गेलो असतो.

मग मी मुधोळ मागितलं. आमची सासुरवाड मुधोळकडची. टपाल खात्यानं २००५ साली ज्याचं तिकीट काढलं ते कुत्रं सोडून परदेशी मास्टिफ का घ्यायचं? "ते सडपातळ, पळणारं," पुतणी म्हणाली, "पाठ मोडंल त्याची." शेवटी अंगानं मास्टिफ आणि मनानं मुधोळ, यावर मिटलं. नाव ठेवलं 'सरकार'. त्यावर एकानं विचारलंच, "कुठलं? इकडचं का तिकडचं?" बेळगावात हा प्रश्न कुत्र्यालासुद्धा चुकत नाही.

भाषेचंही तेच. मी त्याला "बा इल्ली" म्हणून बोलावलं. माझा अनुभव असा, की आमच्या गल्लीतली कुत्री कन्नडात येतात आणि मराठीत जातात. पुतणीनं फासा टाकायला लावला. एक पडला. सरकार बसून राहिलं.

तरी पहिला अर्धा तास सुखाचा गेला. पायी मला एका डावात २५ फूट जाता येत होतं, सरकारवर ४०. सरकार उचलणार १९५ पौंड, म्हणजे जवळजवळ ८८ किलो, आणि माझं पात्र अठरा किलोचं. उरलेल्या जागेत मी पाच किलो कुंदा घातला. प्रवासाला निघालोय, कुणाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?

पुढं गुहा लागली. गुहेत विहीर, विहिरीत शिडी.

"काका, कुत्रं शिडी उतरत नाही. काय करतायसा?"

दोर लावला. मास्टिफला पोटाखालून बांधून तीन फुटी माणूस खाली सोडतोय. त्याच्यावर मी बसायचं का त्यानं माझ्यावर, हे कुणी सांगेना. तीन फासे वाया गेले. कुंदा विहिरीत पडला.

खाली गॉब्लिन नावाचे बुटके राक्षस होते. मी ओरडलो, "चाव!" पुतणी थंडपणे म्हणाली, स्वार वर असताना त्याच्या ताब्यातलं जनावर तीनच गोष्टी करतं: जोरात पळतं, लढाईतून निसटतं, नाहीतर वार चुकवतं. चावत नाही. हे तिन्ही मीसुद्धा घरी रोज करतो, त्यासाठी २५ मोहरा कशाला?

आणि सरकारचा जीव किती, तर पाच. पहिल्याच बाणात सरकार पडलं. पोरं हसली, मला मात्र खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांत ज्याच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीजवळ राहतील असं हे एकच वाहन लाभलं होतं.

"दुसरं घ्या की, काका."

हिशेब केला. अकरा मोहरा उरल्या होत्या.

"मग चालत या मागनं. २५ फूट."

रात्री दहाला उठलो. खाली फाटकाच्या तोंडाशी पुतण्याची उंच गाडी आडवी लावलेली, माझी तिच्यामागं अडकलेली. किल्ली वर गच्चीत, आणि परत वर जाऊन मागायची लाज वाटली. हॅंडल धरलं, एक पाय टाकला, दुसरा तरंगला. शेवटी उतरून, ढकलत ढकलत बाजूला घेतली. गल्लीतलं तांबडं कुत्रं कट्ट्याखालून उठून बघत होतं.

चांगलं भरलेलं होतं. पाठ बरोबर माझ्या गुडघ्याच्या वर.

इकडं तिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. हळूच म्हणालो, "बा इल्ली."