‘लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेट नको’ या मेसेजवर विसंबून मुलांच्या हातात स्कूटर देऊ नका

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर बहिणीने एक मेसेज पाठवला. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर साधारण असा: ‘मुलांना २५ च्या स्पीडची इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. लायसन्स नको, आरटीओ पासिंग नको, इन्शुरन्स नको, हेल्मेट नको, वयाची अट नाही. पोलीस अडवूच शकत नाहीत. सायकलइतकीच सेफ. घरात कुठेही चार्ज करा.’ खाली तिचा प्रश्न होता, ‘दादा, घेऊ का?’ भाची आठवीत आहे.

‘लायसन्स नको, पासिंग नको’ हे अर्धं खरं आहे, आणि सगळा घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये ही सवलत आहे. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. गाड्यांची तपासणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेने हे तपासून दाखला दिला, तरच ती गाडी कायद्याच्या लेखी ‘मोटार वाहन’ राहत नाही. यातली एक अट मोडली की लायसन्स, पासिंग, इन्शुरन्स, हेल्मेट सगळं लागू होतं.

आणि ती अट किती सहज मोडते ते मी डोळ्यांनी पाहिलं. बहीण आणि भाचीबरोबर दुकानात गेलो. गाडी मेन स्टँडवर होती. विक्रेत्याने सीट उचलली आणि मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरजवळ एकमेकांत खोचलेली वायरची दोन टोकं दाखवली. म्हणाला, “साहेब, हा स्पीड लॉक. कप्लर काढला की ४५ ला जाते. घरी जाऊन काढा, नाहीतर मीच काढून देतो.” त्याने तो तिथेच सुटा केला आणि ॲक्सिलरेटर पिळला. मीटरवर २७, ३८, ४६. चाक हवेत फिरत होतं, रस्त्यावर माणूस बसल्यावर आकडा थोडा कमी भरेल. पण २५ कुठल्या कुठे मागे पडले होते, आणि शेजारी उभ्या भाचीचे डोळे चमकले होते. लहान मुलांच्या गाडीचा वेग जर एका कप्लरवर अवलंबून असेल, तर तो कप्लर पहिल्या आठवड्यात निघणार. मुलांना हे मोठ्यांच्या आधी कळतं.

हे काही माझ्या एकट्याचं निरीक्षण नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशाच फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश आरटीओंना दिले होते.

मग ‘पोलीस अडवूच शकत नाहीत’ याचं काय उरलं? कप्लर काढलेली स्कूटर म्हणजे विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन. ती अल्पवयीन मुलगी चालवत असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ए लागतं: पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय त्या मुलीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. असा फेरफार करून विकणाऱ्यासाठी कलम १८२ए आहे, गाडीमागे १ लाख रुपये दंड. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

‘२५ च्या स्पीडला हेल्मेट कशाला?’ याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. अडीच मीटर उंचीवरून खाली पडणारा माणूस जमिनीवर याच वेगाने आदळतो. माळ्यावरून घरातल्या फरशीवर डोक्यावर पडण्याचा विचार करा. ४५ चा वेग म्हणजे सुमारे ८ मीटर उंची, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्याही वर. हेल्मेटशिवाय दुचाकीवर देशात २०२२ या एका वर्षात ५०,०२९ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. डोकं फुटताना गाडी पेट्रोलवर होती की विजेवर, याने फरक पडत नाही.

‘सायकलइतकीच सेफ’ म्हणणाऱ्याने ही गाडी एकदा ढकलून बघावी. नियमातल्या ६० किलोत बॅटरी धरलेली नाही. स्वस्त गाड्यांत लेड ॲसिडच्या पाच-पाच बॅटऱ्या असतात, त्याच चाळीसेक किलो भरतात. म्हणजे शंभर किलोचं धूड, वर डबलसीट, आणि चालवणारीचं वय तेरा. युरोपातही २५० वॅट आणि २५ चेच आकडे आहेत, पण ते पॅडल मारायच्या सायकलींसाठी. पॅडल थांबलं की मोटर बंद. ४५ पर्यंत जाणाऱ्या सायकलीला तिथे नोंदणी लागते. आपण आकडे तेच ठेवले आणि त्यावर स्कूटर बसवली.

‘यांचे अपघात कुठे ऐकू येतात?’ असंही काही जण विचारतात. येणार कसे? नोंदणीच नाही, त्यामुळे गाड्यांच्या नोंदी असलेल्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर ही गाडी नाही. नंबर प्लेट नाही, त्यामुळे धडक देऊन निघून गेली तर शोधायची कशी? फुटपाथवरच्या आजींना अशा गाडीने पाडलं आणि कमरेचं हाड मोडलं, तर भरपाई देणारी विमा कंपनी नाही. गाडी मोटार वाहनच नाही म्हटल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दारही बंद. लायसन्स आणि विम्याचे वाचलेले पैसे असे दुसऱ्याच्या खिशातून जातात.

घरात कुठेही चार्ज करण्याबद्दल थोडक्यात: सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्याच घरातला ७ वर्षांचा मुलगा दगावला. झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर बॅटरी लावू नका, रात्रभर तर नकोच.

आता शेवटचा आक्षेप, ‘नियम आणले तर ई-गाड्यांचा धंदा बसेल.’ चेतक, आयक्यूब, एथर या सगळ्या गाड्या पासिंग होऊन, हिरवी नंबर प्लेट लावून, विमा उतरवूनच रस्त्यावर येतात. २०२४-२५ मध्ये देशात ११ लाखांहून जास्त इलेक्ट्रिक दुचाकींची नोंदणी झाली. नियमांनी त्यांना अडवलं नाही. चीनमध्ये तर ई-बाइक कोट्यवधींनी आहेत. तिथे २०१९ मध्ये वेगाला २५ ची आणि वजनाला ५५ किलोची राष्ट्रीय मर्यादा आणली, आणि अनेक शहरांत नंबर प्लेट लागते. गाड्या काही नाहीशा झाल्या नाहीत. मी स्वतः रोज इलेक्ट्रिक स्कूटरच चालवतो, पासिंगवाली. त्यामुळे हा विजेच्या गाड्यांना विरोध नव्हे.

स्कूटरसारखी दिसणारी आणि पॅडल न मारता धावणारी प्रत्येक गाडी नंबर प्लेटवर यावी, चालवायला किमान वय ठरावं, हेल्मेट सक्तीचं व्हावं, आणि कंट्रोलर असा बनवावा की कप्लर उपसून वेग वाढू नये, एवढीच माझी मागणी आहे.

तोवर दुकानात गेलात तर तपासणी संस्थेचा दाखला मागा आणि त्यावरचं मॉडेल समोरच्या गाडीशी ताडून बघा. टेस्ट राइडला फोनचा जीपीएस लावा. काटा २५ च्या पुढे गेला तर ती सवलतीतली गाडी नव्हे. आणि विक्रेता सीट उचलून कप्लर काढून दाखवायला लागला, तर तिथूनच परत फिरा. आम्ही फिरलो. भाची सध्या सायकलनेच शाळेत जाते, माझं जुनं हेल्मेट मोठं होतं म्हणून तिला नवीन घेतलं.