यान, चादर आणि आटे : एका प्रतिक्रियेला उत्तर

चंद्राकडे माणसे नेण्यासाठी बांधलेल्या अमेरिकेच्या ‘ओरायन’ यानावरील माझ्या लेखाखाली ‘एक अभियंता’ अशी सही करून आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. मुख्य इंजिन युरोपीय असल्याचे मी लिहिले ते ‘हास्यास्पद’ आहे, भागीदार वाढले की काम रखडते, आणि ‘यान एकाच घरात बांधावे लागते, चादरींच्या गावात बसून त्याच्या जोडणीवर बोलू नये’, असे आपले म्हणणे आहे.

इंजिनाची चूक मान्य. सेवा-मॉड्यूल, म्हणजे यानाला गती, वीज, हवा आणि पाणी पुरवणारा मागचा भाग, युरोपीय अंतराळ संस्थेचे, जोडणी एअरबसने जर्मनीतल्या ब्रेमेनला केलेली. परंतु पहिल्या मॉड्यूलचे मुख्य इंजिन अमेरिकेच्या स्पेस शटलवर आधी उडून आलेले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. ‘हास्यास्पद’ न म्हणताही ती झाली असती.

आता चादरींकडे येतो. माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते आणि मी स्वतः सव्वीस वर्षे यंत्रमाग दुरुस्त केले. जुना माग इंची मापाचा आणि त्यावर चढवायचा नवा जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारे यंत्र, मिलिमीटरचा, हा रोजचाच प्रसंग. अर्ध्या इंचाच्या नटात बारा मिलिमीटरचा बोल्ट दोन-तीन आटे हाताने सहज फिरतो आणि मग अडतो. नवखा पोरगा पान्ह्याला जोर देतो व दोन्हींचे आटे घालवतो. अशा वेळी आम्ही जेकार्ड परत पाठवत नसू, मधला तुकडा लेथवर करून घेत असू.

१९७५ साली अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत रशियाचे सोयुझ ही याने अंतराळात जोडताना याहून वेगळे काय केले? अपोलोत सुमारे एक तृतीयांश वातावरण दाबाचा शुद्ध प्राणवायू, सोयुझमध्ये जमिनीवरच्यासारखी हवा. दार थेट उघडणे शक्यच नव्हते. म्हणून मध्ये हवा बदलण्याची एक खोली बसवली, सोयुझचा दाब सुमारे दोन तृतीयांशावर आणला, आणि १७ जुलै रोजी परस्परांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या दोन देशांची याने एकमेकांना जोडली गेली. ती काही एका घरात बांधलेली नव्हती, महोदय.

ओरायनही तसेच. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या खर्चातला आपला वाटा रोखीने देण्याऐवजी युरोपने हे मॉड्यूल दिले, आणि त्यामागे २००८ ते २०१४ या काळातल्या पाच मालवाहू यानांचा अनुभव होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओरायन माणसांविना चंद्राला वळसा घालायला निघाले आणि त्याची कुपी, म्हणजे माणसे बसण्याचा भाग, ११ डिसेंबरला प्रशांत महासागरात उतरली. भारताच्या चार वैमानिकांनी रशियात प्रशिक्षण घेतले, म्हणून माणसांना अंतराळात नेण्याची भारताची मोहीम ‘गगनयान’ही आपण परके ठरवणार काय?

उशिराविषयी एवढेच, की एकट्याने बांधलेली मानवी याने वेळेवर उडाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सोलापुरास आलात तर जरूर भेटावे. तो नट आणि तो बोल्ट अजून माझ्या टेबलावर आहेत. पान्हा मी देईन, जोर आपण लावून पाहावा.