कामात राहा, डिप्रेशन होणार नाही म्हणे!

घरच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला. या वेळी काकांकडून, खाली तीन हात जोडलेले. तुम्हालाही आला असेलच. मजकूर थोडक्यात असा: डिप्रेशन हा रिकाम्या मनाचा आजार आहे, कामात गुंतलेल्याला तो होत नाही. आमच्या आजी-पणजीला कुठे होता? सकारात्मक विचार करा. गोळ्यांच्या नादी लागू नका, एकदा लागली की सुटत नाही. आणि जो मरणाच्या गोष्टी बोलतो तो काही करत नाही, उगाच विचारून त्याच्या डोक्यात भरवू नका.

काकांनी काळजीपोटीच पाठवला, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच ग्रुपवर माझी ताईही आहे. तिने वाचला, काही लिहिलं नाही. म्हणून मी लिहितोय, तिला विचारूनच.

तर पहिला मुद्दा, रिकामं मन. दोन वर्षांपूर्वी ताईला मुलगी झाली. तान्ह्या बाळाच्या आईइतकं कामात बुडालेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. दर दोन-अडीच तासांनी दूध, मधे कपडे, मधे रडणं. एकदा पहाटे साडेतीनला पाणी प्यायला उठलो तर तिच्या खोलीत दिवा. ती बाळाची झबली घडी करत बसली होती. सहा झबली. सहावं झालं की सगळी उलगडायची, परत पहिल्यापासून. काय करतेस म्हटलं तर म्हणाली, ‘नीट जमत नाहीये रे.’ बाळ शेजारी गाढ झोपलं होतं. हिलाही झोपायला मिळाला असता असा दिवसभरातला तो एकच तास, आणि हिला झोप येत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे १३ टक्क्यांना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्य डिप्रेशनच. एवढ्या बायकांची मनं रिकामी होती म्हणायचं का?

मेसेज लिहिणाऱ्याने क्रम उलटा लावलाय. आजारात आधी कशातच रस वाटेनासा होतो, साधा निर्णय घेता येत नाही, झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही. मग हातातलं काम सुटतं. बघणाऱ्याला मात्र सुटलेलं काम तेवढं दिसतं. तापाचा माणूस अंथरुणात असतो, पण म्हणून अंथरुणाने ताप आला असं कुणी म्हणत नाही.

यात खरं काय आहे तेही सांगतो. हालचालीचा उपयोग होतो, चांगला होतो. १९९६ मध्ये अमेरिकेत नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या रुग्णांवर एक तुलना केली. काहींना विचारांवर काम करणारी पूर्ण उपचारपद्धती दिली, काहींना त्यातला फक्त दिनक्रम पुन्हा रुळावर आणण्याचा भाग. दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. पण तिथे ‘बिझी राहा’ असं मोघम सांगत नाहीत. थेरपिस्ट रुग्णाबरोबर बसून ठरवतो: उद्या दहा वाजता दहा मिनिटं चालायचं, मन होवो न होवो. जमलं नाही तर पाच मिनिटं. गोष्ट इतकी लहान ठेवावी लागते, कारण आजार नेमकी उठण्याची ताकदच काढून घेतो. आणि ठरवायला शेजारी कुणीतरी बसतं, हे त्यात फार महत्त्वाचं.

एक कबुली. परीक्षेत आपटल्यावर चार दिवस तोंड पाडून बसणं म्हणजे डिप्रेशन नव्हे, आणि दर सोमवारी ‘डिप्रेस’ होणाऱ्यांचा मलाही वैताग येतो. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचं माप लावतात: जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, आणि रोजच्या व्यवहारावर परिणाम होईल इतकं. शिवाय थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो, म्हणून रक्त तपासायला सांगितलं तर कुरकुर करू नये.

आता आजी-पणजी. त्यांच्याकडे ‘डिप्रेशन’ हा शब्द नव्हता, एवढंच खरं. ‘त्याने हाय खाल्ली’, ‘तिने धसका घेतला’, ‘झुरणीला लागली’, ‘अंथरूण धरलं’, ‘मन उडालं तिचं’ हे शब्द मग कुणासाठी घडले? ज्या भाषेत खंगण्या-झुरण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत, त्या भाषेतल्या माणसांना हा त्रास नव्हता हे मला पटत नाही. आणि गोष्ट आजीच्याही कितीतरी आधीची आहे. हिपोक्रेटस या प्राचीन वैद्याच्या नावावरच्या ग्रीक लिखाणात, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, दीर्घकाळ टिकणारी भीती आणि उदासी हा आजार म्हणून नोंदलेला आहे. कारण त्यांनी काळं पित्त सांगितलं, ते चुकलं. पण रुग्ण त्यांच्यासमोर होते.

सकारात्मक विचारांवर फार वेळ घालवत नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर मुभा दिल्यावर तर त्यांना अस्वल, पहिल्यापासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त आठवलं. म्हणजे नको तो विचार हाकलला की तो उलट परत येतो. २००९ मध्ये कॅनडात जोअॅन वुड यांना दिसलं की स्वतःला मुळातच कमी लेखणारे लोक ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकत बसले की त्यांना आणखी वाईट वाटतं. आतून लगेच उत्तर येतं ना, ‘कुठली?’

गोळ्यांचा मुद्दा जरा सोडवून बघायला हवा, कारण इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच डबीत भरतात. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, डायझेपॅम या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या. लगेच शांत करतात, झोप आणतात, आणि हो, यांची सवय लागते. म्हणून त्या शक्यतो थोडे आठवडेच देतात. कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर वर्षभर घेत राहणं धोक्याचंच. तिथे काकांचा मेसेज बरोबर आहे.

पण फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. उलट सुरुवातीला मळमळ वगैरेच जास्त जाणवते, गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. ताईने बाराव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून पाकीट कपाटात टाकलं होतं, ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या येऊ शकतात, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं, कारण त्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. सगळ्यांना गोळी लागतेच असंही नाही; सौम्य त्रासात अनेकदा समुपदेशन आणि व्यायामापासूनच सुरुवात करतात. आणि ‘मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं, गोळीने भरून निघालं’ ही गोष्टही अर्धवटच आहे. ती सांगणारे आपल्याच बाजूचे असले म्हणून तिला सूट नको.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. आत्महत्या केलेल्या कित्येकांनी आधी कुणाला ना कुणाला सूचित केलेलं असतं. ‘आता कंटाळा आला’, ‘माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही’. आणि विचारल्याने डोक्यात भरत नाही. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल सरळ प्रश्न विचारले, त्यांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं, त्यांचा तर किंचित कमी झाला.

तेव्हा आडून विचारू नका. ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आपणच देऊन टाकतो. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको. एकटं सोडायचं नाही, जिवावर बेतेल अशा वस्तू आणि औषधं आवाक्यातून काढायची, त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठायची.

ताईला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो लसीकरणाच्या वेळी एका नर्सने, बाळाचं वजन करता करता. घरात आम्ही चौघं होतो.